एक आणा, एक पेनी!

मी शाळेत चित्रकला शिकवतो. आकड्यांशी माझा संबंध पगाराच्या चिठ्ठीपुरता. त्यामुळे गेले तीन आठवडे मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पौंडाचा जुना भाव काढत बसलोय, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. पण जे सापडलंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सुरुवात रटाळच झाली. मुलगी शिकायला लीड्सला आहे. तिच्या फीचा हप्ता भरायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पौंडाचा दर सांगितला, तो शंभराच्या बराच वर. माझ्या तोंडून निघून गेलं, "पूर्वी किती असायचा हो?" "पूर्वी म्हणजे कधी, सर?" "म्हणजे... अगदी पूर्वी." तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे होतं. ते ठणकावून म्हणाले, "सत्तेचाळीस साली एका रुपयाला एक डॉलर मिळत होता. आता बघा!" रांगेतल्या चौघांनी माना हलवल्या. मीही हलवली. हेच सांगणारा एक मेसेज मी स्वतःच पूर्वी दहा जणांना पाठवलेला होता.

घरी येऊन म्हटलं, बघू तरी. आणि पहिल्याच संध्याकाळी ती गोष्ट खोटी निघाली! सत्तेचाळीस साली रुपया डॉलरला बांधलेला नव्हताच, तो बांधलेला होता पौंडाला. पौंडाचे डॉलर होते ४.०३, आणि पौंडाचे रुपये होते तेरा रुपये पाच आणे चार पै. करा भागाकार. डॉलरला ३ रुपये ३० पैसे येतात. म्हणजे रुपयाला जेमतेम तीस सेंट मिळत होते. एवढं सोपं गणित, आणि ते न करता आपण वर्षानुवर्षं उसासे टाकतोय.

पण माझ्या डोक्यात डॉलर राहिलाच नाही. राहिले ते पाच आणे चार पै. असला तिरपागडा आकडा कुणी का ठरवेल? ठरवायचाच तर सरळ तेरा ठरवावा, नाहीतर चौदा.

मला आकडे वाचून कळत नाहीत, काढून कळतात. शाळेतून ग्राफ पेपर आणले. पौंडाला एक रुपया म्हणजे एक सेंटिमीटर, एक वर्ष म्हणजे अर्धा सेंटिमीटर, आणि सुरुवात १८७० पासून. पहिला आलेख पूर्ण उलटा आला. कारण जुन्या काळी भाव उलटा सांगत. आज आपण विचारतो पौंडाला किती रुपये. तेव्हा रुपयाला किती शिलिंग, किती पेन्स असं मोजत. म्हणजे पाहा, मापही लंडनमध्ये बसून धरलेलं! पौंडाचे शिलिंग २०, शिलिंगाचे पेन्स १२, म्हणून पौंडाचे पेन्स २४०. त्या २४० ला रुपयाच्या पेन्सनी भागलं की आपल्या ओळखीचा आकडा येतो. तीन कागद फाडले, टूबी पेन्सिल बदलून एचबी घेतली, आणि मग ती रेष उतरली. बायको म्हणाली, हे काय, सह्याद्री काढलास का? तिची नजर चुकली नव्हती. डावीकडे चढ, मग पठार, मग एक खोल दरी, मग दुसरं लांबलचक पठार आणि त्याच्या टोकाला उभा कडा.

त्या दुसऱ्या पठारानं मला आधी पकडलं. १९२७ ते १९६६. एकोणचाळीस वर्षं! तेरा रुपये पाच आणे चार पै, वर नाही की खाली नाही. या एकोणचाळीस वर्षांत काय काय घडलं? जगभरची मंदी आली, रेष सरळ. दुसरं महायुद्ध झालं, रेष सरळ. युद्धात ब्रिटननं हिंदुस्थानाकडून एवढा माल उचलला की शेवटी सुमारे १३० कोटी पौंड तेच आपल्याला देणं लागत होते. कर्जदार सावकार झाला आणि सावकार कर्जदार, तरी रेष सरळ. स्वातंत्र्य मिळालं, फाळणी झाली, रेष सरळ! १९४९ साली तर मी कागदाला नाक लावून बघितलं, कारण त्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं हे मला शाळेपासून पाठ होतं. मग रेष हलली का नाही? मला वाटलं मीच चुकलो. चुकलो नव्हतो. १८ सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरून थेट २.८० वर आला, आणि रुपयानं त्याचा हात धरून बरोबरच उडी मारली. दोघं एकत्र पडले, म्हणून एकमेकांना जागच्या जागीच दिसत राहिले. डॉलरच्या गच्चीतून बघणाऱ्याला मात्र दोघंही खाली गेलेले दिसले. डॉलर ३.३० वरून ४.७६ रुपयांवर.

आणि त्या उडीत एक जण हात सोडून काठावरच उभा राहिला, पाकिस्तान. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जो रुपया एकच होता, त्याचे दोन भाव झाले. शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये. भारतानं हा भाव मानायला नकार दिला आणि दोन देशांमधला व्यापार अडला. तागाची शेतं पूर्व बंगालमध्ये आणि तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी! सरहद्दीच्या रेषेनं जे अर्धवट तोडलं होतं, ते या १४४ च्या आकड्यानं पुरतं तोडलं. १९५५ मध्ये पाकिस्ताननंही अवमूल्यन केलं तेव्हा दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीत आले. मी इतिहासात फाळणी शिकलो, पण नोटेची ही फाळणी मला कुणी शिकवली नव्हती.

असो, पाच आणे चार पै. तो पत्ता लागला रात्री दीड वाजता. १९२७ च्या कायद्यानं ठरवलं की रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स. म्हणजे १८ पेन्स. २४० भागिले १८ केलं तर तेरा पूर्णांक एक तृतीयांश, आणि सोळा आण्यांचा एक तृतीयांश म्हणजे पाच आणे चार पै. लंडनमधून बघाल तर अगदी गोल आकडा. तिरपागडेपण सगळं आपल्या वाट्याला. मग मी त्याच्या आधीचं पठार बघितलं. १८९८ च्या सुमारापासून पहिल्या महायुद्धापर्यंत पौंड १५ रुपये. म्हणजे रुपयाला एक शिलिंग चार पेन्स. म्हणजे १६ पेन्स. सोळा... रुपयाचे आणे सोळा! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. एक आणा म्हणजे बरोबर एक पेनी! मुंबईतला चार आण्यांचा जिन्नस लंडनच्या माणसाला चार पेन्सचा, हिशेबाला कागद नको. या एका आकड्यात किती सोय होती, ती घालवून दोन पेन्स वर का चढवले?

हे समजायला मला डावीकडच्या चढाकडे जावं लागलं. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया म्हणजे एक तोळा वजनाचं नाणं, १८० ग्रेन, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. तुमच्याकडे चांदी असेल तर मुंबईच्या टाउन हॉलजवळच्या टांकसाळीत न्या, ते त्याचे रुपये पाडून देत. म्हणजे रुपयाचा भाव हा खरं तर चांदीचा भाव. आणि पौंड सोन्याचा. तेव्हा रुपया-पौंडाचा दर म्हणजे चांदी आणि सोनं यांचं आपसातलं भांडण! १८७१ च्या सुमारास रुपयाला २३ पेन्स मिळत, म्हणजे पौंडाला साधारण साडेदहा रुपये पडत. मग जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं आणि आपली चांदी बाजारात ओतली. अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचे लोंढे निघाले. एकामागून एक देशांनी चांदीकडे पाठ फिरवली. १८९४-९५ पर्यंत रुपया १३ पेन्सवर आला आणि पौंड अठरा रुपयांच्या पलीकडे गेला.

आणि हिंदुस्थान सरकारला दरवर्षी दीड कोटीहून जास्त पौंड विलायतेत भरायचे होते. पेन्शनी, कर्जावरचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च, हे सगळं पौंडात. आणि शेतसारा गोळा व्हायचा रुपयांत. दहाच्या भावानं दीड कोटी पौंड म्हणजे पंधरा कोटी रुपये, अठराच्या भावानं सत्तावीस कोटी. कर्जात एक पौंडही न वाढता बारा कोटींचा खड्डा पडतो! तो कुणी भरायचा, हे सांगायला नको. गोऱ्या अधिकाऱ्यांचीही पंचाईत झाली, कारण पगार रुपयांत आणि मुलांच्या शाळेची फी पौंडांत. (इथे मला लीड्सचा हप्ता आठवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कलेक्टरसाहेबाविषयी कणव आली.) त्यांची कणव सरकारलाही आली, १८९३ साली त्यांना दराच्या नुकसानीपोटी खास भत्ता मिळाला. मला तसा भत्ता देणारं कुणी नाही. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या नाटकात तर एक शिक्षिका आपल्या कोवळ्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्र वाचायला सांगते, पण रुपयाच्या घसरणीचं प्रकरण वगळायला लावते, कारण ते जरा जास्तच सनसनाटी आहे! हा विनोद आहे हे कळायला मला ही रेष काढावी लागली.

२६ जून १८९३ ला सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. यापुढे रुपये पडतील ते सरकारच्या मर्जीनं. नाणी दुर्मीळ झाली आणि रुपया हळूहळू चढत सोळा पेन्सवर येऊन बसला. तेच आपलं आणा-पेनीचं पठार. गंमत अशी की त्या रुपयात आता चांदी होती जेमतेम दहा-अकरा आण्यांची. उरलेले पाच-सहा आणे म्हणजे सरकारचा शब्द. मुंबईच्या गिरणीवाल्यांचे मात्र हाल झाले. त्यांचं सूत जायचं चीनला, आणि चीन अजून चांदीवरच होता. रुपया वर गेला की तिथे आपलं सूत महाग.

आता दरी. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव उसळला तो इतका की नाण्यातली चांदी नाण्यापेक्षा महाग झाली. लोक रुपये वितळवू लागले, दडवू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पाठोपाठ चक्क अडीच रुपयांची! अमेरिकेनं वीस कोटी औंस चांदी आपल्याला विकली तेव्हा कुठे निभावलं. रुपया चढत चढत फेब्रुवारी १९२० मध्ये दोन शिलिंग दहा पेन्सच्या आसपास पोचला. म्हणजे पौंड सात रुपयांना! माझ्या कागदावर रेष धाडकन खाली. त्याच भरात एका समितीनं रुपया कायमचा दोन शिलिंगवर बांधायची शिफारस केली. समितीतले एकटे हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी विरोध नोंदवला, तो कुणी ऐकला नाही. आणि मग वर्षभरात रुपया कोसळला, एक शिलिंग तीन पेन्सच्या घरात. स्वस्त पौंड धरून ज्यांनी विलायती कापडाच्या ऑर्डरी दिल्या होत्या, त्यांना माल बंदरात येईपर्यंत पौंड सोळा रुपयांना भरायचा होता. सातचा सोळा! त्या दरीत किती पेढ्या गेल्या असतील, या विचारानं मी पेन्सिल खाली ठेवली.

म्हणूनच पुढचा प्रश्न पेटला. आता रुपया कुठे बांधायचा, एक शिलिंग चार पेन्सवर की एक शिलिंग सहावर? एक-चार की एक-सहा? दोन पेन्ससाठी इतकी हाणामारी! १९२६ च्या हिल्टन यंग कमिशननं सांगितलं एक शिलिंग सहा पेन्स. कमिशनमधले मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका लिहून बजावलं, एक शिलिंग चार पेन्स. का? वऱ्हाडातला शेतकरी धरा. त्याचा कापूस लंडनच्या बाजारात एका पौंडाला गेला. एक-चारच्या भावानं त्याचे पंधरा रुपये झाले असते. एक-सहाच्या भावानं तेरा रुपये पाच आणे चार पै. पौंडामागे एक रुपया दहा आणे आठ पै उडाले, आणि सारा मात्र तोच, सावकाराचं व्याजही तेच. आणि जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाचा कर रद्द करा ही मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्याच यादीत रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर आणा अशीही एक मागणी आहे! दांडीयात्रेचं चित्र मी दरवर्षी मुलांकडून काढून घेतो. मीठ असतं, काठी असते. शिलिंग कुणीच काढत नाही.

इथवर मी शंभर टक्के एक-चारचा झालो होतो. मग शाळेच्या ग्रंथालयातून महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सहावा खंड आणला. बाबासाहेब आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी लिहिलेलं आणि १९२३ साली लंडनला छापलेलं. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि त्या प्रस्तावनेत गुरू शिष्याशी मतभेद नोंदवतो! तिशीतल्या या तरुणानं अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या पुस्तकाला सरळ अंगावर घेतलंय. मला निम्मं समजलं नाही, हे कबूल. पण एक गोष्ट समजली आणि माझी एक-चारची पाटी पुसली गेली. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला जो फायदा होतो, तो येतो कुठून? किमती चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे तो फायदा परदेशातून येत नाही, आपल्याच मजुराच्या ताटातून येतो. दोन पेन्सच्या या भांडणात गिरणीवाला होता, शेतकरी होता, सरकार होतं; गिरणीतला मजूर कुठल्या बाजूला, हे विचारणारे बाबासाहेब १९२५ साली त्याच कमिशनपुढे साक्ष द्यायलाही गेले होते. माझ्या आलेखात मी सगळं काढलं होतं, तो मजूर काढायचा राहिला होता.

तर एक-सहाच ठरलं, आणि ते एकोणचाळीस वर्षांचं पठार सुरू झालं. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं सोनं सोडलं, सोन्याचा भाव चढला, आणि मंदीनं पिचलेल्या घरांतलं सोनं मुंबई बंदरातून जहाजं भरभरून बाहेर गेलं. कागदावर त्याची खूणही नाही, कारण रुपया पौंडाच्या शेपटीलाच होता. सरळ रेषेवर किती विश्वास ठेवायचा, हे त्या दिवसापासून मी ठरवलंय.

कडा येतो ६ जून १९६६ ला. डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपये, म्हणून पौंड एकदम २१. आखातातल्या काही राज्यांत तेव्हा आपल्याच रिझर्व्ह बँकेचा वेगळ्या रंगाचा रुपया चालायचा. या दणक्यानंतर त्यांनी दुसरी चलनं धरली. आणि पुढच्याच वर्षी उलटं! नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पडला, या वेळी रुपयानं हात धरला नाही, आणि पौंड १८ रुपयांवर खाली आला. अठरा, म्हणजे जवळजवळ १८९५ चाच भाव! १९७५ मध्ये रुपयानं पौंडाचा खुंटाच सोडला. त्यानंतर काही वर्षं चढउतार झाले, पण पुढे एकंदर चढच आहे. १९९१ ला सत्तेचाळीस टन सोनं इंग्लंडला गहाण गेलं तेव्हा पौंडानं चाळिशी ओलांडली. इथे माझा कागद संपला. एकावर एक पाच कागद चिकटवले, कपाटाच्या दारावर लावले, तेव्हा मुलीचा हप्ता कुठेतरी माझ्या छातीच्या उंचीला आला.

या सगळ्यात मला दोन शब्दही सापडले. विनिमय दर हा आपला कोरडा सरकारी शब्द. जुन्या मराठीत त्याला हुंडणावळ म्हणत. हुंडी, हुंडणावळ. आणि एका नाण्याचं दुसरं नाणं करून घेताना सराफ जी कापाकापी करायचा, तो बट्टा. नावाला बट्टा लागला म्हणतो आपण, तो सराफाच्या ओट्यावरचा! तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालत, अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, प्रत्येकाचा बट्टा वेगळा.

हे मी परवा फोनवर परभणीच्या आत्याला सांगत होतो. आत्या पंच्याऐंशीची. मला वाटलं कंटाळेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं, आमच्याकडं सहाला सात होते."

"कशाचे गं?"

"अरे, निजामाचा हाली सिक्का अन् इंग्रजाचा कलदार. सहा कलदार घ्यायला सात हाली मोजायचे. काकाच्या दुकानात आम्ही पोरी तोंडी करायचो. शंभर कलदाराचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै."

मी फोन खांद्यात धरून कागदावर भागाकार केला. सातशे भागिले सहा. एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. बरोबर!

"आत्या, हे कधीपर्यंत चाललं?"

"पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, तरी हाली चालतच होता की. मी शाळेत होते. थांब, तुला नीट सांगते..."

"एक मिनिट आत्या, फोन ठेवू नकोस," म्हणत मी कपाटाकडे धावलो. सहावा कागद कुठे लावायचा, ते बघायला.